न विरघळणारं औषध : कॅम्प्टोथेसिनचं प्रकरण

१९७२ साली अमेरिकेत एका औषधाच्या माणसांवरच्या चाचण्या गुंडाळण्यात आल्या. औषध एका झाडाच्या लाकडातून आणि सालीतून काढलेलं, नाव कॅम्प्टोथेसिन. ल्युकेमिया झालेले उंदीर ते टोचल्यावर, न टोचलेल्या उंदरांच्या दुप्पट जगले होते. काचेच्या भांड्यात वाढवलेल्या माणसाच्या कॅन्सरपेशीही त्याने मेल्या होत्या. रुग्णांच्या वाट्याला मात्र जुलाब, घसरलेल्या पांढऱ्या पेशी आणि लघवीवाटे रक्त आलं. मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी पोट-आतड्यांचा कॅन्सर पसरलेल्या ६१ जणांना ते दिलं. गाठ आक्रसली ती दोघांची, तीही थोड्या काळापुरती. फाइल मिटली.

आज त्याच रेणूपासून बनलेली इरिनोटेकान आणि टोपोटेकान ही औषधं जगभर वापरात आहेत, आपल्याकडेही आहेत. सांगाडा तोच. मग १९७२ मध्ये काय चुकलं होतं?

हे प्रकरण मी निवडलं त्याला एक कारण आहे. ‘अमुक वनस्पतीच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी नष्ट’ अशी बातमी आपल्याकडे अधूनमधून येतेच. कधी हळद, कधी सीताफळाचं पान, कधी गुळवेल. यातल्या बऱ्याचशा बातम्या खोट्या नसतात, पेशी खरोखर मेलेल्या असतात. पण पेशी वाढवायच्या काचेच्या थाळीत मीठ थोडं जास्त पडलं तरी पेशी मरतात. पेशी मेल्या का, हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत सोपा प्रश्न. रेणूच्या कुठल्या रूपाने मारल्या, किती वेळ लावून, पेशीतल्या नेमक्या कशाला धरून, आणि ते रूप माणसाच्या रक्तात टिकतं का, हे पुढचे प्रश्न. कॅम्प्टोथेसिनच्या बाबतीत पहिल्याचं उत्तर १९६६ पर्यंत हातात आलं होतं. बाकीच्यांना आणखी पंचवीसेक वर्षं लागली, आणि मधल्या माणसांनी त्याची किंमत मोजली.

कॉर्टिसोन शोधताना

सुरुवात कॅन्सरपासून झालीच नव्हती. १९५०च्या दशकात कॉर्टिसोनला प्रचंड मागणी होती आणि ते बनवायला लागणारी स्टेरॉइडं वनस्पतींत कुठे सापडतात याचा शोध अमेरिकेचं कृषी खातं घेत होतं. फिलाडेल्फियाजवळच्या त्यांच्या प्रयोगशाळेत मन्रो वॉल हे रसायनशास्त्रज्ञ हजारो झाडांचे अर्क काढून ठेवत होते. राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या जोनाथन हार्टवेल यांनी त्यांना विचारलं, यातले हजारएक अर्क आम्हाला गाठींवर तपासायला देता का? वॉल यांनी दिले. त्यांत कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या सरकारी बागेत वाढवलेल्या एका चिनी झाडाचा अर्क उंदरांच्या गाठीवर ठळकपणे चालला. झाडाचं नाव कॅम्प्टोथेका ॲक्युमिनाटा. चिनी लोक त्याला शी शू म्हणतात, म्हणजे आनंदाचं झाड.

आजी-आजोबांच्या बटव्यातून हे औषध आलेलं नाही हे मुद्दाम सांगतो, कारण वनस्पतीजन्य औषध म्हटलं की आपण तीच गोष्ट गृहीत धरतो. इथे जुना ग्रंथ नव्हता, वैदू नव्हता. दुसऱ्याच कामासाठी भरून ठेवलेल्या बाटल्या होत्या आणि ‘तपासून तर बघू’ म्हणणारा एक माणूस होता.

कृषी खात्याला कॅन्सरमध्ये रस नव्हता. वॉल १९६० साली नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि झाडाचा नाद सोबत घेऊन गेले. १९६२ मध्ये तिथे त्यांना एक सहकारी मिळाले : मनसुख वाणी. जन्म नंदुरबारचा, १९२५ सालचा. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र शिकलेले, मुंबईतच भवन्स कॉलेजात काही वर्षं शिकवलेले आणि मग इंडियाना विद्यापीठात पीएचडी केलेले. पुढे याच जोडीने पॅसिफिक यू झाडाच्या सालीतून टॅक्सॉल काढलं, १९७१ साली. कॅन्सरवरची दोन मोठी औषधकुळं एका जोडीच्या नावावर असणं ही अजब गोष्ट आहे. आणि नंदुरबारातही वाणींचं नाव क्वचितच ऐकू येतं, हेही तितकंच अजब.

वीस किलो लाकूड

१९६३ मध्ये त्यांच्या हाती सुमारे वीस किलो वाळलेलं लाकूड-साल आलं. त्यातून एक रेणू काढायचा कसा? कटाचा झणका नेमक्या कशाने आला हे शोधायचं तर कट भागाभागांत वेगळा करून प्रत्येक भागाची चव घ्यावी लागेल. तसंच. अर्क आधी गरम हेप्टेनने धुतला, म्हणजे मेण-तेल निघून गेलं. मग अल्कोहोलमध्ये काढला, मग क्लोरोफॉर्ममध्ये ओढून घेतला, आणि पुढे दोन न मिसळणाऱ्या द्रवांमध्ये पुन्हापुन्हा वाटत नेला. दर पायरीला तयार झालेला प्रत्येक भाग एल-१२१० नावाच्या ल्युकेमियाने आजारी उंदरांवर तपासला जाई. जो भाग चाले तोच पुढे जाई. हे काम महिनोन्महिने चालतं, कारण उंदराच्या आयुष्याची मोजणी घाईने होत नाही.

सोबत पेशींवरच्या चाचण्याही होत्या. केबी नावाची पेशीवाण तेव्हा वापरत, तोंडाच्या कॅन्सरची म्हणून. भांड्यात पेशी किती वाढल्या हे त्यांतलं प्रथिन मोजून ठरवलं जाई. आज कॉलेजाकॉलेजांत चालणारी जांभळ्या रंगाची एमटीटी चाचणी १९८३ची, तेव्हा ती नव्हती. केबीची गंमत अशी की त्या पेशी तोंडाच्या नव्हत्याच. १९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून वाढवलेल्या हेला पेशी प्रयोगशाळाप्रयोगशाळांतून पसरल्या आणि दुसऱ्यांच्या भांड्यांत घुसून बसल्या. जनुकशास्त्रज्ञ स्टॅन्ली गार्टलर यांनी १९६६ साली हे भर परिषदेत सांगितलं तेव्हा लोक चांगलेच दुखावले. त्याच वर्षी कॅम्प्टोथेसिनचा शोधनिबंध छापून आला. आजही केबीवर तपासलेल्या अर्काला ‘तोंडाच्या कॅन्सरवर गुणकारी’ म्हणणारे निबंध दिसतात. पेशी कुठल्या हेच माहीत नसेल तर पुढचं सगळं गणित वाळूवर.

हाती आलं ते फिकट पिवळं, अतिनील प्रकाशात निळसर चमकणारं भुकटीसारखं संयुग. रचना इलिनॉय विद्यापीठातल्या मंडळींनी क्ष-किरणांनी उलगडली : पाच कडी एकमेकांना जोडलेली, जवळजवळ सपाट, आणि टोकाच्या पाचव्या कड्यात लॅक्टोनचा बंध, म्हणजे ऑक्सिजनमार्फत कडं मिटवणारी जोडणी. या कड्याला हात लावला की औषधाची धार जाते, हे वॉल आणि वाणी यांना लवकरच उमगलं.

आणि हे संयुग पाण्यात विरघळत नव्हतं.

सोडियमचा सोपा रस्ता

माणसाच्या शिरेतून द्यायचं तर औषध विरघळायला हवं. कर्करोग संस्थेने जो मार्ग काढला तो कुठल्याही रसायनवाल्याला सुचला असता. सोडियम हायड्रॉक्साइड घातलं की लॅक्टोनचं कडं उघडतं, सोडियमचा क्षार बनतो, आणि तो पाण्यात छान विरघळतो. एनएससी-१००८८० या क्रमांकाने तो रुग्णांपर्यंत गेला.

म्हणजे ज्या कड्यात सगळा जीव होता तेच उघडून टाकलं. उघड्या रूपावर ऋण भार येतो, ते पेशीच्या पापुद्र्यातून सहजी आत शिरत नाही, आणि आत शिरलं तरी त्याची पकड बसत नाही. उंदरांवर हा क्षार मूळ संयुगापेक्षा जवळपास दहापट कमजोर ठरतो. मग डोस वाढवावा लागतो. वाढवलेला डोस मूत्रपिंडांतून लघवीत उतरतो. लघवी आम्लधर्मी असते, आणि आम्लात हे कडं पुन्हा मिटतं! गाठीपाशी निष्क्रिय असलेलं औषध मूत्राशयात गोळा होऊन तिथे पूर्ण ताकदीने जागं होई. लघवीतलं रक्त यातून आलं.

यात कुणी निष्काळजी होतं असं मला वाटत नाही. अर्क चालला, संयुग चाललं, क्षारही उंदरांवर थोडाफार चालला, म्हणून पुढची पायरी. पण ‘चालतं’ या एका शब्दाखाली दोन वेगळे रेणू एकच मानले गेले. प्रयोगशाळेत हे आजही रोज घडतं. अर्क डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवतात, मग पीएच ७.४ च्या, म्हणजे रक्तासारख्या किंचित अल्कधर्मी, माध्यमात टाकतात, आणि कागदावर बाटलीवरचं नाव लिहितात. चोवीस तासांनी थाळीत कुठलं रूप शिल्लक होतं, हे कुणी मोजत नाही. कॅम्प्टोथेसिनचं कडं या पीएचला तासाभरात निम्म्याहून जास्त उघडलेलं असतं.

मग उंदीर का वाचले आणि माणसं का नाहीत? रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनात याचं एक मोठं उत्तर आहे, आणि ते १९९०च्या दशकात केंटकी विद्यापीठातल्या थॉमस बर्क यांच्या गटाने दाखवलं. माणसाचं अल्ब्युमिन कॅम्प्टोथेसिनच्या उघड्या रूपाला मिटलेल्या रूपापेक्षा शंभरपटींहून घट्ट धरून ठेवतं. उघडं रूप असं बाजूला अडकून पडलं की तोल ढळतो आणि आणखी कडी उघडत जातात. शेवटी माणसाच्या रक्तद्रवात मिटलेलं, म्हणजे कामाचं, कॅम्प्टोथेसिन एक टक्काही उरत नाही. उंदराच्या अल्ब्युमिनला ही खोड नाही. उंदराच्या रक्तात औषध खरोखरच चांगलं होतं. उंदराने खोटं काही सांगितलं नव्हतं.

आपण थाळीत वासराच्या रक्ताचा सीरम घालतो, साधारण दहा टक्के. म्हणजे माणसाच्या पेशी, गाईच्या वासराचं रक्त आणि झाडाचा अर्क. निकाल मात्र ‘मानवी कॅन्सरवर’ म्हणून छापायचा.

पीळ

१९७२ नंतर औषध म्हणून हा रेणू संपला, कोडं म्हणून संपला नाही. औषधशास्त्रज्ञ सुसान हॉर्विट्झ यांनी १९७०च्या सुरुवातीलाच हेला पेशींत पाहिलं होतं की हे संयुग डीएनएची जुळणी थांबवतं, डीएनएचे तुकडेही होतात, आणि औषध धुऊन काढलं की बराचसा बिघाड भरून येतो. दुसऱ्या मंडळींना दिसलं की डीएनएची नक्कल चालू असलेल्या पेशी याने पटापट मरतात, बाकीच्या तग धरतात. ही दोन निरीक्षणं जवळजवळ सगळं सांगत होती. कळायला १९८५ उजाडलं.

जॉन्स हॉपकिन्समध्ये लेरॉय लिऊ टोपोआयसोमरेज नावाच्या एन्झाइमांवर काम करत होते. डीएनए हा पिळाचा सुंभ. नक्कल करायला तो उलगडावा लागतो, आणि एकीकडे उलगडलं की पुढे पीळ आवळत जातो. गुंतलेली दोरी सोडवणाऱ्याला हे सांगायला नको. टोपोआयसोमरेज-१ हे एन्झाइम दोन पदरांपैकी एक कापतं, पीळ सुटू देतं आणि पदर पुन्हा सांधतं. लिऊ, हर्ट्झबर्ग, हेक्ट आणि शिआंग यांनी दाखवलं की कॅम्प्टोथेसिन कापलेल्या जागी पाचरीसारखं बसतं आणि सांधा जुळू देत नाही. सपाट आकार इथे उपयोगी पडतो. नक्कल करणारी यंत्रणा धडधडत येऊन या अडकलेल्या जागेवर आदळली की दोन्ही पदर तुटतात. म्हणून नक्कल करणाऱ्या पेशी मरतात. म्हणून औषध वेळेत धुतलं तर सांधा जुळतो आणि पेशी वाचते.

यात एक गोष्ट उलटी आहे आणि मला ती फार आवडते. एन्झाइम अडवणारी बहुतेक औषधं अशी, की एन्झाइम कमी असेल तर पेशी लवकर मरते. इथे एन्झाइम जितकं जास्त तितकं मरण सोपं. यीस्टमधून टोपोआयसोमरेज-१ काढूनच टाकलं तर कॅम्प्टोथेसिन त्याचं काही बिघडवू शकत नाही. हेच हत्यार, हाच गळफास.

मग झाड स्वतः कसं वाचतं, त्याच्या पेशींतही डीएनए आहेच की? २००८ साली जपानी संशोधकांनी हे शोधलं. कॅम्प्टोथेकाच्या एन्झाइममध्ये ७२२व्या जागी ॲस्परजिन या अमिनो आम्लाऐवजी सेरिन आहे. तेवढ्याने पाचर बसत नाही. आणि हाच बदल, याच जागी, कॅम्प्टोथेसिनला दाद न देणाऱ्या माणसाच्या ल्युकेमिया पेशींत आधीच सापडलेला होता. झाडाला सुचलेला उपाय कॅन्सरलाही सुचला.

आता अर्क तपासणाऱ्याने यातून काय घ्यायचं? निम्म्या पेशींची वाढ रोखणारी मात्रा, जिला सगळे आयसी-५० म्हणतात, ती कॅम्प्टोथेसिनसाठी एक आकडा नाहीच. पेशी किती वेगाने विभागताहेत आणि औषध किती वेळ वर राहिलं, यावर ती बदलते. चार तास ठेवलं तर एक, बहात्तर तास ठेवलं तर दुसरी. दोन प्रबंधांतल्या आकड्यांची तुलना करून ‘आमचा अर्क सरस’ म्हणणाऱ्याला मी आधी घड्याळ विचारतो. सोबत तपासलेल्या निरोगी पेशी विभागत नसतील तर त्या वाचल्या यातही नवल नाही. ‘फक्त कॅन्सरपेशी मारतं, निरोगी पेशींना धक्का नाही’ हे वाक्य मग नुसतं ‘भराभर वाढणाऱ्या पेशी मारतं’ एवढंच उरतं. रुग्णाचे केस, आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जाही भराभरच वाढतात.

नरक्या

अमेरिकेत चाचण्या चालू होत्या त्याच काळात गोष्टीचा एक धागा सह्याद्रीत येतो. मुंबईला गोरेगावात सिबा रिसर्च सेंटर होतं, आणि टी. आर. गोविंदाचारी तिथे संशोधन पाहत होते. त्यांनी आणि एन. विश्वनाथन यांनी पश्चिम घाटातल्या एका लहानशा झाडातून कॅम्प्टोथेसिन काढलं. निबंध १९७२चा, म्हणजे तिकडे चाचण्या गुंडाळल्या गेल्या त्याच वर्षीचा. चिनी झाडाचं आणि याचं नातं दूरचं. तरी रेणू तोच, आणि प्रमाण कितीतरी जास्त, वाळल्या लाकडात एक दशांश टक्क्याच्या घरात. हे झाड तेव्हा मॅपिया फोएटिडा म्हणून ओळखलं जाई. फोएटिडा म्हणजे घाण वासाचं, आणि पावसाळ्यात फुललं की वासाने ते आधी कळतं. आपल्याकडे त्याला नरक्या म्हणतात. अमृता असंही म्हणतात. दोन्ही नावं एकाच झाडाला, चिन्यांचा आनंद वेगळाच.

१९७२ मध्ये या शोधाला गिऱ्हाईक नव्हतं. १९९६ मध्ये अमेरिकेत टोपोटेकान आणि इरिनोटेकान या दोघांनाही परवानगी मिळाली आणि चित्र पालटलं. ही औषधं अजूनही मुख्यतः झाडातून काढलेल्या कॅम्प्टोथेसिनपासून बनतात. एक किलो शुद्ध संयुगाला टनभर सुकं लाकूड म्हटल्यावर कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलांत कुऱ्हाडी पोचल्या. नरक्याची चोरटी तोड आणि वनखात्याने पकडलेली पोती हे तिकडच्या वर्तमानपत्रांतलं नेहमीचं वृत्त झालं. साल काढून झाड जगवण्याइतका धीर तस्कराला नसतो, तो बुंध्यातून कापतो. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात नरक्याच्या पेशी काचपात्रात वाढवून संयुग मिळवायचे प्रयत्न झाले, झाडाच्या आत राहणाऱ्या बुरशीतही ते सापडलं. जंगलातल्या लाकडाची जागा यांतल्या कशानेही अजून घेतलेली नाही.

थाळीत नापास

इरिनोटेकान बनवलं जपानमध्ये, १९८३ साली, याकुल्ट कंपनीने. हो, तीच, लहान बाटलीतल्या आंबट-गोड दुधाची. टोपोआयसोमरेजचा उलगडा अजून दोन वर्षं दूर होता. त्यांनी लॅक्टोनला हात न लावता रेणूच्या दुसऱ्या टोकाला पाण्यात विरघळणारी शेपटी जोडली. ही शेपटी यकृतातलं आणि इतर ऊतींतलं एक एन्झाइम कापून टाकतं, आणि उरतो एसएन-३८ हा शंभरपटींहून प्रखर रेणू.

थाळीत वाढवलेल्या बऱ्याच कॅन्सरपेशींत हे एन्झाइम फारसं नसतं. त्यामुळे नुसत्या थाळीवर भरवसा ठेवला असता तर इरिनोटेकान ‘कमजोर’ या शेऱ्यासह कपाटात गेलं असतं. सोडियमचा क्षार आणि इरिनोटेकान ही एकाच कहाणीची दोन टोकं आहेत. एक अंगात पोचल्यावर फसलं, दुसरं अंगात पोचल्यावरच जागं झालं.

वॉल २००२ मध्ये गेले, वाणी एप्रिल २०२० मध्ये, पंचाण्णव वर्षांचे होऊन. त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर २०१९ मध्ये, अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरवरच्या एका नव्या औषधाला परवानगी मिळाली होती, ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान. यात अँटिबॉडीच्या पाठीवर बसून गाठीपर्यंत जाणारा रेणू कॅम्प्टोथेसिनच्याच वंशातला आहे.

डे-केअर वॉर्डात इरिनोटेकानची फिकट पिवळी कुपी उघडली जाते तेव्हा आतल्या द्रावणाचा पीएच साडेतीनच्या आसपास असतो, लिंबाच्या रसापेक्षा थोडा सौम्य. ते सलाइनपेक्षा पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळणं पसंत करतात, कारण डेक्स्ट्रोज किंचित आम्लधर्मी असतं. कडं मिटलेलं राहावं म्हणून.